सोनूबाईची रबराची कडी

उरणच्या मिठागरांवरच्या बायकांचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर का येतं, हे शोधायला १९३४ साली मुंबईच्या एक डॉक्टरीणबाई आल्या. मी केसर, त्यांच्या हाताखालची नर्स. तपासणी त्या करत, कागद भरणं माझ्या नशिबी. बाळंतपणानंतर कितव्या दिवशी मिठाची टोपली डोक्यावर घेतली, एवढा साधा सवाल. पण दिवस सांगेल ती आगरीण कसली! कुणी म्हणे पहिल्या भांगेच्या लहान भरतीला, कुणी दुसऱ्या उधाणाला. भरती-ओहोटीवरून दिवस काढता काढता माझं डोकं उठायचं.

सोनूबाईनं तिसऱ्या उधाणाला टोपली उचलली होती. तेव्हापासून सहा वर्षं अंग बाहेर. लाजेपायी नवऱ्याला, काळूरामला, कंबर दुखते एवढंच सांगून तिनं अंथरूण चुलीपाशी हलवलं होतं. आपण तिला नकोसे झालो, असं त्या भल्या माणसाला वाटत होतं. ते सांगताना ती रडली. तिला पुन्हा त्याच्याजवळ निजायचं होतं, दुसरं काही मागणं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी अंग आत सारून रबराची कडी बसवली आणि तीन महिन्यांनी दाखवायला बोलावलं.

आली तेव्हा कडी नव्हती. नणंदेला, राहीला, दिली म्हणाली. राहीलाही तेच दुखणं, म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून टाकलेलं. लग्नाला नथ मागून नेतात तशी या बायांनी कडी पेजेच्या टोपात उकळून एकमेकींना दिली होती! मी भडकले. ती कडी तुझ्या मापाची, जिची तिनंच वापरायची, हे किती वेळा बजावलं होतं! डॉक्टरीणबाईंकडच्या कड्याही संपलेल्या, नव्या विलायतेहून यायच्या होत्या. कधी येतील, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सोनूबाई खाली बघत म्हणाली, "तिचा नवरा तिला न्यायला दारात उभा व्हता, बाय. मी कशी नाय म्हनू?"

म्हणजे हिचं अंथरूण पुन्हा चुलीपाशीच. माझा राग कुठल्या कुठे गेला. डॉक्टरीणबाईंना कागदासाठी हवं होतं, म्हणून मी विचारलं, कडी तुझ्याकडे राहिली तरी किती? भांग-उधाणाचा हिशेब मांडायला मी बोटं पुढे केली.

तिनं बोटांकडे पाहिलंही नाही.

"सतरा दिस," ती म्हणाली.