हातमोजेवाल्याची बायको

सगळे तिला बाई म्हणायचे, नवरासुद्धा. कॉलेजात ती जुनी इंग्रजी नाटकं शिकवायची तेव्हा पोरं मागच्या बाकावर डुलक्या काढायची. निवृत्तीनंतर तिनं वाचनालयात शनिवारी सकाळी मोठ्यांसाठी वर्ग सुरू केला, 'जुनी नाटकं, आजचं जगणं' या नावानं, आणि तिथं मात्र खुर्च्या कमी पडू लागल्या. बँकेतला एक अधिकारी यायचा, एक नर्स यायची. एक जोडपं मुद्दाम दोन टोकांना बसायचं. वर्षभरानं ते शेजारी बसायला लागलं आणि श्रेय बाईला मिळालं.

नवरा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, पायाशी स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवून, दिवसभर "क्लच हळू, मांजराच्या शेपटीवर पाय पडलाय असं समजा" म्हणत फिरायचा. बाईच्या वर्गाची तो भरपूर टर उडवायचा.

"चारशे वर्षांपूर्वी मेलेल्यांना सल्ला विचारता," तो म्हणायचा, "आणि घरात जिवंत माणूस बसलाय त्याला कोणी हिंग लावून विचारत नाही."

"जिवंत माणसाला टॉवेल कुठं वाळत घालायचा तेवढं कळू दे आधी," बाई म्हणायची.

असं त्यांचं चालायचं. लेक लग्न करून दुसऱ्या शहरात गेल्यापासून घरात आवाज होता तो या भांडणांचाच.

एकदा तो मोबाइल घरी विसरून गेला. फोन वाजला म्हणून बाईनं उचलला. पलीकडून मुलगी म्हणाली, "कॅन्सर विभागातून बोलतेय. साहेबांची मंगळवारची वेळ बुधवारी केलीये."

बाईनं वेळ कॅलेंडरवर लिहायला पेन उचललं आणि परत ठेवलं. मग म्हणाली, "एक करा. संध्याकाळी ते घरी आले की त्यांनाच पुन्हा फोन करा. मी उचलला होता हे सांगू नका."

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांना भेटून आली. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, बराच पसरलेला. हातात काही महिने होते. "घरी कळू द्यायचं नाही असं त्यांनी बजावलंय," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही समोर येऊन बसलात, आता काय लपवू?"

घरी तो म्हणत होता ॲसिडिटी. पट्ट्याला नवं भोक पाडलं तेव्हा म्हणाला, "बघ, तुझ्या हातचं खाऊन माणूस बारीक होतो." बाई हसली. तो आंघोळीला गेला की दाराशी कान लावून उभी राहायची. आतून तो गात असायचा, अधेमधे थांबायचा, पुन्हा गायचा.

त्याच सुमारास वर्गात एका विस्मरणात गेलेल्या नाटकाची पाळी आली. लेखक अज्ञात. हातमोजे शिवणाऱ्या एका कारागिराला प्लेगची गाठ येते. तो ती गळपट्ट्याखाली लपवतो. बायकोला ती दिसलेली असते, पण तीही बोलत नाही. तीन अंक दोघं एकमेकांशी थट्टामस्करी करत राहतात आणि एका सकाळी तो उठतच नाही. बाई हे नाटक वर्षानुवर्षं शिकवत आली होती आणि दर वेळी एकच सांगायची, की घात प्लेगनं केला नाही, मिटलेल्या तोंडांनी केला. बोला. वेळेत बोला.

त्या दिवशीही तेच सांगितलं. नर्सनं हात वर केला. "बाई, पण समोरच्याला ऐकायचंच नसलं तर?"

"ऐकायचं नसतं असं कोणी नसतं. घाबरलेला असतो माणूस," बाई पटकन म्हणाली. बोलता बोलता तिचं स्वतःचंच ठरलं.

तो तिला न्यायला शिकवणीची गाडी घेऊन आला होता. दोन चौक गेल्यावर बाई म्हणाली, "मला माहितीये. डॉक्टरांना भेटले मी."

त्यानं गाडी हळूच कडेला घेतली, इंडिकेटरसुद्धा दिला. इंजिन बंद केलं.

"केव्हा?"

"दोन आठवडे झाले. अरे, एकटा का सोसतोस? मी आहे ना. आता सगळं मिळून करू."

त्यानं समोरची काच आतून फडक्यानं पुसली. रागावला असता तर बाईला बरं वाटलं असतं.

"दवाखान्यात मी पेशंट आहे," तो म्हणाला. "स्कूलमध्ये कळलंय, तिथली पोरं मी जिना चढलो की पडेन म्हणून मागून हात धरून येतात. एक तुझ्यासमोर मी आजारी नव्हतो, बाई. तेवढीच जागा होती मला."

पुढं सगळं रीतसर झालं. लेक रजा काढून आली. औषधं उघडपणे टेबलावर आली. स्कूल त्यानं धंद्यातल्या भागीदाराच्या हाती सोपवलं. घरात कोणी कोणापासून काही लपवत नव्हतं. आणि तो गायचा थांबला.

त्याहून वाईट म्हणजे तो सभ्य झाला. चहा दिला की "थँक्यू" म्हणायचा. एवढ्या संसारात त्यानं कधी आभार मानले नव्हते, "साखर महाग झालीये का?" एवढंच विचारायचा. एकदा बाईनं मुद्दाम ओला टॉवेल त्याच्या पलंगावर टाकला आणि ओरडली, "किती वेळा सांगायचं रे तुला?" तो दचकला. म्हणाला, "सॉरी. राहून गेलं." बाई बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि बादली भरून वाहायला लागली तरी बाहेर आली नाही.

शेवटच्या आठवड्यांतली एक दुपार. लेक औषधं आणायला गेली होती. तो उशीला टेकून बसला होता, हात पार काड्या झाले होते.

"त्या दिवशी वर्गात काय शिकवलं होतंस?" त्यानं विचारलं.

"हातमोजेवाल्याचं नाटक. त्याला प्लेग होतो."

"मग? मरतो?"

बाईनं त्याच्याकडे बघितलं. "छे! बरा होतो. गाठ साधीच निघते. दोघं समुद्रावर जातात फिरायला."

मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता.

"समुद्रावर हातमोजे कोण विकत घेणार?"

"घेतात की. थंडी असते तिकडं."

"आपणही जाऊ मग," तो म्हणाला. "पण गाडी मी चालवणार. तू शेजारी बसून ब्रेक मारायचा नाही."

"तू वळणावर शिव्या द्यायच्या नाहीत."

"त्या दिल्याशिवाय गाडी वळत नाही, बाई."

लेक परत आली तेव्हा दोघं कुठल्या हॉटेलात उतरायचं यावरून तावातावानं भांडत होते. ती दारातच थबकली. तिला वाटलं औषधानं बाबांना भ्रम झाला. ती काही बोलणार, तेवढ्यात बाईनं डोळ्यांनीच दटावलं. भांडण त्याला झोप लागेपर्यंत चाललं.

तो गेला त्याच आठवड्यात. भांडण करता येईल अशी दुपार पुन्हा आली नाही.

वर्ग पुन्हा कधी घेणार असं वाचनालयवाल्यांनी दोनदा विचारलं, मग दुसरे एक सर नेमले. लेक महिनाभर राहिली. निघताना बॅग उचलून म्हणाली, "आई, माझ्यापासून काही लपवायचं नाही हं. जशी असशील तशी सांग."

"हो गं," बाई म्हणाली.

संध्याकाळी लेकीचा फोन येतो. बाई आधी घसा खाकरून घेते. "छान आहे मी. आत्ताच जेवले पोटभर," ती सांगते. गॅस पेटलेला नसतो. "तू कशी आहेस?"

"मस्त," पलीकडून लेक म्हणते. तिचंही नाक चोंदलेलं असतं. बाई विचारत नाही, आणि दोघी हवापाण्यावर बोलत राहतात.