राणे, म्हस सुटली गं!

कडूबाईची हाक म्हणजे हाक होती. शेतातल्या घराच्या, आखाड्याच्या ओट्यावर उभं राहून तिनं तोंडाशी हात नेला, की आवाज शेताच्या पहिल्या बांधावरून, धुऱ्यावरून, दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर उड्या घेत जायचा आणि पार टोकाला कापूस वेचणाऱ्या राणीच्या कानात येऊन बसायचा. राणीचा बाप आश्रुबा म्हणायचा, "आमच्या घरात फोन दोन हायेत, पण रेंज एकटीलाच हाय."

याच हाकेनं आपलं गाणं बुडवलं, असं एके दिवशी राणीला वाटलं.

गाणं तिघांचं होतं. राणी, बालाजी आणि बुद्धभूषण. बोरी गावच्या शिवारात तिघांची शेतं एकाच धुऱ्याला लागून. शाळा सुटली की त्या धुऱ्यावर बोरीच्या झाडाखाली बसून गायचं, ही सवय कॉलेज संपलं तरी सुटली नाही, म्हणून बँडचं नावही 'धुरा'च पडलं. बुद्धभूषणचा हात भीमजयंतीच्या मिरवणुकीत ढोलकीवर बसला होता. बालाजीनं आधी भजनी मंडळाची पेटी छळली आणि मग मोबाइलमध्ये बघून बघून गिटार. राणीला गळा मायचाच मिळाला होता, फक्त मायनं जो हाकेत घातला तो तिनं गाण्यात घातला.

गाणं रेकॉर्ड करायला स्टुडिओ कुठला? तो बालाजीनं शोधला. राणीच्या घरची एक खोली आढ्यापर्यंत कापसानं भरली होती. बालाजीनं आत शिरून टाळी वाजवली. टाळी कापसानं तिथल्या तिथं गिळून टाकली.

"राणे, आवाज घुमतच न्हाई इथं! असली खोली पुण्यामुंबईत लोकं बांधून घेतेत, अन् तुमी फुकटात भरून ठेवलीय."

"उद्यापतूरच हाय," राणी म्हणाली. "उद्या गाडी येणार, कापूस जिंतूरला जायलाय."

म्हणजे हातात दिवस एक. तिघं सकाळीच कापसात रुतून बसले. मधे लॅपटॉप, मागून आणलेला माइक आणि दाराला लावलेली गोधडी. पण राणीचा आवाज काही केल्या मोकळा होईना. झोपलेल्या लेकराजवळून जावं तशी ती सुरांवरून पाय न वाजवता चालत होती. चौथ्यांदा झालं, पाचव्यांदा झालं. दुपार कलली. सातव्यांदा मात्र कुठं कोण जाणे, तिच्या छातीतलं दार उघडलं.

*काळ्या रानामंदी बाई, कापूस फुटला*
*माझ्या वटीत कुनी गं, चांद सांडला*
*येचता येचता बाई, दिस कलला*
*कुनी न्हाई बोललं गं, वारा बोलला…*

'वारा बोलला' यानंतर चार मात्रा काहीच नव्हतं. गिटार गप, ढोलकी गप. वाऱ्याला बोलायला सोडलेली जागाच होती ती. बुद्धभूषणनं दोन्ही हात वर उचलले, बालाजीनं तारांवर तळवा ठेवला, आणि त्या चार मात्रांच्या बरोब्बर मधोमध गोधडी भेदून, कापूस भेदून हाक आली:

"राणेऽऽ! म्हस सुटली गंऽऽ!"

ढोलकी सवयीनं समेवर पडली. राणीही सवयीनंच शेवटची ओळ गाऊन गेली, आणि मगच तिला कळलं काय झालं ते. चंद्री म्हैस खरंच सुटली होती आणि शेजाऱ्याच्या हरभऱ्यात घुसली होती. सगळे पळाले. चंद्रीला धरून आणलं आणि पाहतात तर काय, उद्याची गाडी आजच दारात उभी. माणसं कापूस भरायला लागलेली. खोली रिकामी व्हायला लागली, तशी तिच्यात माणसांची बोलणी घुमायला लागली.

"एक दिवस, माय!" गाडीवाल्यादेखत, मजुरांदेखत राणी ओरडली. "एक दिवस तुला गप बसता आलं न्हाई! समद्याचं वाटोळं केलंस!"

कडूबाईच्या हातात अजून दावं होतं. तिनं ते खुंटीला अडकवलं आणि ती आत गेली.

त्या दिवसापासून कडूबाईनं हाक मारणं सोडलं.

जेवायला बोलवायचं असलं तरी ती तीन धुरे तुडवत यायची, अगदी जवळ उभी राहायची आणि हळूच म्हणायची, "चल, भाकरी झाल्या." राणीनं एकदा अडखळत अडखळत म्हणून पाहिलं, "माय, त्या दिवशी मी जरा लय बोलले." कडूबाई म्हणाली, "मी कुठं काय म्हणाले?" विषय तिथंच मिटला, म्हणजे मिटला नाहीच. शिवार मुकं झाल्यासारखं राणीला वाटत राहिलं. पाखरं होती, वारा होता, मोटारीचा आवाज होता; एवढं सगळं असून मुकं.

गाण्याचं काय करायचं? सहा वेळचं गाणं बेचव होतं आणि सातव्यात म्हैस होती.

"सातवंच टाकू," बुद्धभूषण म्हणाला. "हेच्यात तू गायलीस. बाकीच्यात नुसती परीक्षा दिलीस."

"अन् म्हस?"

"म्हस बी तालात सुटलीया, राणे. मी मोजून बघितलं."

दुसरा उपायच नव्हता. गाणं आपलं आपणच इंटरनेटवर चढवलं. महिनाभर ऐकणारे कोण, तर पाहुणे आणि पाहुण्यांचे पाहुणे. मग बालाजीला त्याचा मामा आठवला. चंद्रभानमामा उसाचा ट्रॅक्टर चालवायचा आणि त्याच्या ट्रॅक्टरवर असले कर्णे होते, की ट्रॅक्टर दिसायच्या आधी गाणं दिसायचं. बालाजीनं त्याला पेनड्राइव्ह दिला. कारखान्याच्या दारात ट्रॅक्टरांची रांग लागते, नंबर येईपर्यंत ड्रायव्हर लोक एकमेकांची तंबाखू घेतात तशी गाणीही घेतात. एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून पाचव्याकडं. ऊस जिथं जिथं गेला तिथं तिथं 'वारा बोलला' गेलं. उसाच्या फडात गेलं, तोडणीवाल्यांच्या झोपड्यांवर, कोप्यांवर गेलं, आपल्या जिल्ह्याची शीव ओलांडून ऊसतोड टोळ्यांचा कोयता गेला तिकडंही त्याच्या मागं मागं गेलं.

एक दिवस राणीसावरगावहून फोन आला. "ते म्हशीचं गाणं तुमचंच का? आमच्याकडं जत्रा हाय. येता का?"

दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलेलं. 'वारा बोलला' म्हणून राणी थांबली, बुद्धभूषणचे हात वर गेले, आणि समोरून हजार गळे एकदम फुटले:

"राणेऽऽ! म्हस सुटली गंऽऽ!"

राणी दचकली. बुद्धभूषणला असं हसू फुटलं की ढोलकी समेवर यायचीच विसरली, आणि लोकांनी तेवढ्यासाठी सगळं गाणं पुन्हा म्हणायला लावलं.

गाणी संपल्यावर एक बाई पुढं आली. निकिता नाव, ऊसतोडीच्या टोळीतली, कडेवर पोर. म्हणाली, "ताई, माझी माय वारली. तुमच्या गाण्यात ती हाक आली की मी रोज मागं वळून बघते."

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून राणी एवढंच म्हणाली, "माझी तर हाय की रे. अन् मला मागं वळून बघायला हाकच न्हाई."

त्यानंतर मात्र रस्त्यानं त्यांना धरलं ते सोडलं नाही. गंगाखेड, जिंतूर, नांदेड, लातूर. मांडीवर ढोलकी, पायाशी गिटार. कंडक्टर ओळखीचे झाले. "बसा, म्हशीवाले!" अशी आरोळी देऊन जागा करून द्यायला लागले. दुसऱ्या वर्षी पुण्याचं नाट्यगृह भरलं. तिथं एका मोठ्या कंपनीचे साहेब भेटायला आले. गोड बोलले. म्हणाले, "गाणं आम्ही काढतो. फक्त ती हाक तेवढी काढून टाका. शहरात बरं दिसत नाही."

बालाजी आणि बुद्धभूषणनं राणीकडं पाहिलं. हीच ती, जी दोन वर्षांपूर्वी त्या हाकेपायी मायवर ओरडली होती.

"साहेब," राणी म्हणाली, "म्हस आमची हाय, हाक आमची हाय. गाणं बी आमचंच राहू द्या."

आणि परत येऊन त्यांनी आठ नवी गाणी केली, पुन्हा कापसाच्या खोलीतच, पुन्हा आपल्या आपणच काढली. ट्रॅक्टरवाले आता स्वतःहून विचारायचे, "नवं कवा देताव?"

सगळीकडं गाऊन झालं, फक्त बोरीत नाही. राणीच टाळत होती. गाव कडूबाईला चिडवायचं. हापशावर घागर लावली की कुणीतरी म्हणणारच, "काय कडूबाई, म्हस घावली का?" ती मान खाली घालून पाणी भरायची. शेवटी सरपंच दिनकरराव घरी येऊन बसले. "सारा मुलूख ऐकून आला, अन् आमी काय घोडं मारलं?"

बाजारच्या दिवशी दुपारी चारला ठरलं. बुद्धभूषण हसला, "पुण्यात सातला, इथं चारला?"

"धारा काढायच्या आत बायकांना घरी जाता आलं पायजे," राणी म्हणाली. मनात एकच बाई होती.

आदल्या दिवशी ती मायजवळ चुलीपुढं बसली. "माय, येतीस का?"

"म्हशीजवळ कुणी पायजे."

"बाबा राहतील."

"राणे," कडूबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "मी आले की काहीतरी बिघडतंय. अन् लोकं हसतेत."

"हसत न्हाईत, माय. तुझ्यासंगं ओरडतेत."

"मंग बराय की," कडूबाई म्हणाली. "माझं काय काम हाय तिथं? माझ्याबदली हायेत की ओरडायला."

राणीनं चुलीत लाकूड सारलं.

दुसऱ्या दिवशी बाजारपटांगण माणसांनी फुललं. भाजीवाल्यांनी पाट्या झाकल्या. लिंबाच्या झाडावर पोरं, घरांच्या माळवदांवर बायका. राणीची नजर पुन्हा पुन्हा बायकांतून फिरली. माय नव्हती. नवी गाणी झाली, टाळ्या झाल्या, आणि शेवटी बालाजीनं ते सूर छेडले, ज्यांची सगळे वाट बघत होते.

*…कुनी न्हाई बोललं गं, वारा बोलला…*

राणी थांबली. बुद्धभूषणचे हात वर गेले. एक, दोन, तीन, चार.

कुणीही ओरडलं नाही.

एवढं मोठं पटांगण, आणि पान हलेल तर ऐकू येईल अशी शांतता. राणीनं बुद्धभूषणकडं पाहिलं. आपल्याच गावाला गाणं आवडलं नाही? बुद्धभूषणनं गोंधळून ढोलकीवर बोटांनी बारीक ठेका धरून ठेवला. आणखी चार मात्रा गेल्या. मग राणीच्या ध्यानात आलं, की पुढच्या रांगेतल्या बायका तिच्याकडं बघतच नाहीत. सगळ्या माना मागं वळलेल्या. पार मागं, हापशाजवळ, डोईवरचा पदर घट्ट धरून कडूबाई उभी होती.

गावानं तिची जागा राखून ठेवली होती. जिला दोन वर्षं हापशावर चिडवलं, तिची हाक मात्र बोरीतल्या एकानंही उचलली नव्हती.

"मार की गं, कडूबाई," शेजारच्या ज्ञानेश्वरीकाकू म्हणाल्या, आणि त्या शांततेत ते स्टेजवर ऐकू आलं. "तुझ्याबिगर कुणी मारायची? आमाला काय तसला गळा हाय?"

कडूबाईनं इकडंतिकडं पाहिलं. पदर सोडला. हात तोंडाशी नेला. तिला ना माइक लागला ना कर्णा. आवाज भाजीच्या पाट्यांवरून, माळवदांवरून, सगळ्या गावाच्या डोक्यावरून जणू तीन धुरे ओलांडत आला:

"राणेऽऽ! म्हस बांधलीया गंऽऽ! तू गाऽऽ!"

ढोलकी समेवर अशी पडली की लिंबावरचे कावळे उडाले. पटांगण उठून उभं राहिलं. फेटे उडाले, टोप्या उडाल्या, दिनकररावांची काठीसुद्धा हवेत गेली. राणी रडत होती आणि गात होती, आणि जे गात होती ते आधी कधी रचलंच नव्हतं:

*तीन धुरं वलांडून, हाक गं आली*
*मायच्या गळ्यामंदी, वाट मला घावली*

गावानं ते तिच्यामागं म्हटलं, पुन्हा म्हटलं. मागं हापशाजवळ कडूबाई दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती, तालाच्या जरा पुढं.

चार दिवसांनी तिघं पुढच्या दौऱ्याला निघाली. नागपूर, मग पार इंदूर. सकाळचं कोवळं ऊन होतं, फाट्यावर एसटीची वाट बघत तिघं ढोलकी पायाशी ठेवून उभी होती. एवढ्यात आखाड्याच्या बाजूनं वाऱ्यावर काहीतरी आलं.

"राणेऽऽ! चटणीचा डबा राहिला गंऽऽ!"

"अगं, मायनं हाक मारली," बालाजी म्हणाला. "ओ दे की!"

राणीनं त्याच्या दंडाला धरलं. डोळे मिटले होते, चेहरा आखाड्याकडं वळलेला.

"गप रे," ती म्हणाली. "अजून एकदा मारू दे."