फक्कीचं घर

चुडामण मिस्त्रीने तीस वर्षांत बांधलेली सगळी घरं एकसारखी होती, आणि त्याला त्याचा अभिमान होता. पुढे ओटा, मध्ये दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. एरंडोल तालुक्यातल्या त्या गावात एका घरातला माणूस दुसऱ्या घरात डोळे मिटून वावरू शकला असता.

झुलाल पाटलांनी गावाच्या कडेला नवी जागा घेतली, तेव्हा मिस्त्री दोरी, खुंट्या आणि पांढऱ्या फक्कीची पाटी घेऊन आला. तासाभरात त्याने जमिनीवर अख्खं घर आखून टाकलं. सोमवारी पाया खणायचा ठरला.

झुलालची बायको कमलबाई पाण्याची कळशी कडेवर घेऊन ते बघत होती. बारा वर्षं तिने जुन्या घरात बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात, चुलीपुढे डोळे पुसत काढली होती. तिने हळूच विचारलं, "चुडामणभाऊ, चूल कोठे शे?"

"घर उभं राह्यनं का समजी जाई, वहिनी."

"भिंत उभी राह्यनी का कोन हलावस तिले?" कमलबाई म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून तिने एकच मागणं केलं. "माले एक दिवस द्या. सोमवारना आगोदर मी आठे राहीसन देखस."

"भिंती नहीत, छत नही. राहशी कशी?"

"जशी घरमा राहस तशी."

झुलालला हसू आलं, पण बायको कधी काही मागत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याने मान डोलावली. त्याच्या वडिलांनी, पुना आबांनी मात्र कपाळावर हात मारला. "येडी व्हई गयी ही," एवढंच ते म्हणाले.

रविवारी सकाळी कमलबाईने खरोखर बिऱ्हाड हलवलं. तीन विटांची चूल, पाण्याच्या कळशा, दळणाचा डबा, आबांची खाट, धाकट्या लेकीची झोळी. नियम एकच होता: फक्कीची रेघ म्हणजे भिंत. ती कोणी ओलांडायची नाही, रेघ जिथे सोडली आहे तिथूनच आत-बाहेर करायचं.

शेजारचा चिंधा विडी पेटवायला विस्तव मागत सरळ चुलीपाशी आला.

"चिंधाभाऊ, तठे भिंत शे! दारथून या."

चिंधा गांगरला. चार पावलं मागे गेला, वळसा घालून दारातून शिरला आणि सवयीने चपलाही बाहेर काढून आला. बघ्यांमध्ये हशा पिकला. बघता बघता निम्मं गाव रेघांच्या बाहेर उभं राहिलं. पोरी खिडकीतून डोकावल्यासारख्या वाकून बघू लागल्या, आणि खिडकी कुठे आहे हेच कुणाला सापडेना. कारण ती आखलेलीच नव्हती.

कमलबाईचं मात्र कामात लक्ष होतं. विहिरीवरून पाणी आणायचं तर मागे जायला दारच नाही. दर खेपेला डोक्यावरचा पदर सावरत, ओट्यावर बसलेल्या झुलाल, मिस्त्री आणि इतर पुरुषांमधून वाट काढायची. तिसऱ्या खेपेला झुलाल स्वतःच उठून बाजूला झाला. पाचव्या खेपेला त्याने जाणाऱ्या कळशीकडे बघून मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री दुसरीकडेच बघत होता.

मग तिने भरीत करायला घेतलं. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायला टाकली आणि धुराचा लोट उठला. वारा विहिरीकडून येत होता. त्याने तो लोट उचलला आणि नेऊन थेट मधल्या खोलीत, खाटेवर पहुडलेल्या आबांच्या अंगावर टाकला.

आबा खोकत उठून बसले. "मनी खोलीमा बठ्ठा धूर!"

त्यांना ओट्यावर मोकळ्या हवेत यायचं होतं. पण त्यांच्या खोलीचं दार स्वयंपाकघरात उघडत होतं. म्हणजे आधी धुराकडे जायचं, मग दुसऱ्या खोलीतून फिरून बाहेर. आबांचे गुडघे आधीच कुरकुरत होते. ते क्षणभर उभे राहिले, धोतराचा सोगा सावरला आणि सरळ रेघेवर पाय देऊन ओट्यावर आले.

"आबा, भिंत!" सगळे एकदम ओरडले.

आबा थांबले. पायाला लागलेल्या फक्कीकडे त्यांनी पाहिलं. आता ते भडकणार, म्हणून कमलबाईने पदर पुढे ओढला. पण आबांनी काठीचं टोक त्याच जागी टेकवलं.

"मिस्त्री, आठे एक दार पाहिजे."

"आबा, तीस वरीस व्हयनात माले घरं बांधता बांधता," चुडामण दुखावून म्हणाला. "आजलोंग कोणी नाव ठेवं नही."

"घरं तू बांध्यात, पन चूल बायास्नी फुकी. त्यास्ले कधी इचारं का? जाय, जरा बस त्या चुलीपुढे."

गावासमोर नाही कसं म्हणणार? मिस्त्री चुलीपुढे बसला. कमलबाईने त्याच्या हातात चिमटा दिला. दोन वांगी उलटेपर्यंत त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मिशीवर राख बसली. तो उठला, त्याने तोंड धुतलं आणि झाडू मागितला. मागची सगळी रेघ त्याने पुसून टाकली.

"आते सांगा वहिनी."

कमलबाई पहिल्यांदा सासऱ्यांच्या देखत मोकळेपणाने बोलली. चूल वाऱ्याच्या खालच्या अंगाला. वर धुराला भोक, समोर खिडकी. विहिरीकडे मागचं दार. आबांच्या खोलीला थेट ओट्यावर दार, आणि त्या दारापुढची पायरी ठेंगणी. "एक खिडकी लेकीना करता," ती म्हणाली, "पुढे ती शाळामा जाई, तिले वाचाले उजेड लागी." दुपारपर्यंत फक्की संपली. शेवटची भिंत मिस्त्रीने चुलीतल्या राखेने आखली. मग सगळ्यांनी नव्या घरात बसून भरीत-भाकर खाल्ली, आणि चिंधा न बोलावता दारातून आत आला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या आधी घर उभं राहिलं. कमलबाई सणाला गावात आलेल्या माहेरवाशिणींना हात धरधरून मागचं दार दाखवत होती. आबा ठेंगण्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत होते. मिस्त्री ओट्यावर मानाने चहा पीत बसला होता.

तेवढ्यात कमलबाई पापडांची परात घेऊन अंगणात आली. वर धाब्याकडे, घराच्या सपाट मातीच्या छताकडे तिने पाहिलं, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं, आणि परात खाली ठेवून ती मटकन बसली.

"काय व्हयनं?" झुलाल धावला.

"धाबावर कसं जावानं?"

जिना आखायचा राहूनच गेला होता. त्या रविवारी डोक्यावर नुसतं आभाळ होतं. वर चढायचं कुणाला सुचणार?

मिस्त्रीने कप खाली ठेवला आणि पागोट्यावरून हात फिरवला. कमलबाईने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे, आणि दोघांमागून सगळेच असे हसत सुटले की काय झालं ते आबांना सांगायला कुणी उरलं नाही. अखेर चिंधाने आपल्या घरची शिडी आणून भिंतीला लावली. कमलबाईने पदर खोचला, परात डोक्यावर घेतली आणि पापड वाळत घालायला ती शिडीने वर चढली. खालून मिस्त्री दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभा होता आणि बाहेरच्या भिंतीला दगडी पायऱ्या कुठून काढायच्या, ते तिलाच विचारत होता.