कैरी, दहा मिनिटं

शनिवार, ९.३०. केबल कार.
१०.४५. सरकते जिने, भिंतींवरची चित्रं, फोटो.
११.४०. कैरी. दहा मिनिटं.

कोलंबियातल्या मेदेयिनमधल्या दोन दिवसांचा बेत युरानी ॲमस्टरडॅमहून फोनवर वाचत होती. तिथल्याच डोंगरवस्तीत, सरकत्या जिन्याच्या चौथ्या टप्प्यापाशी रोसाल्बा मीठ-लिंबू लावलेली कैरी विकायची. कानाशी फोन, हातात सुरी.

"कैरी म्हणजे मी?"

"हो, आई."

"आणि घरी?"

"नाही बसत गं. रविवारी विमान आहे." मग हळूच, "योस्टला मी लग्नाआधीच सांगितलंय, गोळीबाराच्या वर्षांत तू गेलीस म्हणून."

"मेले होय! कशाने?"

"खिडकीतून गोळी आली."

"खिडकी कुठे होती आपल्याला?"

"आई, मी तिथे नवी होते. असं काही सांगितलं की लोक जवळ करायचे. आता कसं फिरवू?"

"नातीला हात लावू?"

"कैरी देताना लागेल तेवढा. कपाळावर क्रूस मात्र काढू नकोस, त्याला कळेल." आणि नेहमीसारखं, "आशीर्वाद दे, आई."

रोसाल्बाने सुरीच्याच हाताने हवेत क्रूस काढला. सोळा वर्षं फोनवर तो असाच काढत आली होती.

११.४०. कुणी नाही.
११.५५.

उंच, हसरा योस्ट. पाच वर्षांची लोट्टे. युरानीने गॉगल काढला नाही. योस्ट काहीतरी म्हणाला.

"हे विचारतायत," युरानी म्हणाली, "त्या वर्षांत तुमचं कुणी गेलं का?"

तुमचं.

"एक मुलगी," रोसाल्बा म्हणाली. "सांगा त्यांना."

युरानीने सांगितलं. योस्टने छातीवर हात ठेवला.

"नीट सांगितलंत ना, बाई? एकुलती होती म्हणून?"

तेही सांगितलं.

१२.०५. वाटाड्याने हाक मारली.

लोट्टेला कैरीचा पेला देताना रोसाल्बाने लिंबाने ओला झालेला अंगठा तिच्या कपाळावर टेकवला. उभी रेघ, आडवी रेघ. पोर खिदळली. ते पाहताच युरानीची मान आपोआप खाली गेली. डोळे मिटलेले, कपाळ पुढे. घराबाहेर पडताना लहानपणापासून जशी उभी राहायची तशी.

योस्ट बघत होता.

रोसाल्बाने लेकीच्या भांगातले पांढरे केस पाहिले. हात ॲप्रनला पुसले, एकेक बोट करून.

"काय झालं, बाई?" ती म्हणाली. "काही पडलं का तुमचं?"