डाव्या हाताचा गहू

आमची सून भांडत नाही, हा तिचा सगळ्यात वाईट गुण. चार दिवस झाले, गव्हाचा अख्खा कोपरा आडवा पडलाय आणि ही बाई मला चहा देते, गोळीची आठवण करते आणि गप्प. मला ना बसवत, ना जेवण जात.

युरिया कधी आणि किती टाकायचा, हे या घरात चाळीस वर्षं मी ठरवलं. खताच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला. यंदा ती म्हणाली, एक हंगाम मला करू द्या, बिघडलं तर पुन्हा किल्लीचं नाव काढणार नाही. मी म्हटलं, कर, पण किल्ली माझ्याच कमरेला राहील. मग आणली एक प्लास्टिकची पट्टी, फिक्यापासून गडदपर्यंत हिरव्या रंगांची. दर आठवड्याला गव्हाचं पान त्या रंगांना लावून बघायची. पान फिकं पडलं तरच खत. जास्तीचा युरिया पिकाला लागत नाही, पाण्याबरोबर विहिरीत उतरतो, म्हणे. मी विचारलं, पडद्याचं कापड निवडतेस का? मुलगा हसला, ती नाही.

शेजाऱ्यांनी तिसऱ्यांदा खत टाकलं. त्यांचं रान काळंभोर, आमचं नुसतं हिरवं. येणारा-जाणारा आमच्याच शेताकडे बघतोय असं मला वाटायचं. एका दुपारी सून दातांच्या डॉक्टरकडे गेली आणि मी विहिरीजवळच्या कोपऱ्यात अर्धी गोणी युरिया मुठीमुठीनं फेकून आले. वर पाणीही सोडलं. पंधरा दिवसांत तो कोपरा असा माजला की मी मुद्दाम तिकडून चकरा मारू लागले.

मग ओंब्या भरल्या, वारा सुटला. सगळा गहू उभा, जास्तीच्या खतानं उंच आणि मऊ झालेला माझा तेवढा लोळला. तोही कसा, तर मूठ फेकावी तसा पंख्यासारखा, आणि प्रत्येक पंखा डाव्या अंगानं सुरू झालेला. घरात डावखुरी मी एकटीच.

सुनेनं बांधावरून ते पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं. मुलाला एवढंच सांगितलं, वाऱ्यानं पडला. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

आज सकाळी ती भांडी घासत होती. मी कमरेची किल्ली सोडून ओट्यावर ठेवली.

"वाऱ्याला कशाला बदनाम करतेस? तो कोपरा मी पाडला, ते तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. खोली आजपासून तुझी, विहिरीचं पाणीही तूच बघ. पण तुझ्यात एक खोट आहे, बाई. ज्याला माझ्याशी भांडता येत नाही, त्याच्याकडून युरिया कोणीही काढून नेईल. शीक."