पेडगावचं ताट

“पेडगाव अजून जेवायलंय,” गुरुपादकाका पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

“सव्वाआठ झाले,” साहेब म्हणजे किशनराव दारातूनच म्हणाले. “तिकडं लोक पंप पाठीवर घेऊन रानात पोचले असतील. किती जेवावं माणसानं?”

परभणीतल्या त्या शेतकी सल्ला केंद्रात नव्या माणसाला ही भाषा कळायला आठवडा लागायचा. मामला साधा होता. छप्पन्न गावांत पाऊस-वारा मोजणारी छप्पन्न यंत्रं बसवलेली. रोज सकाळी सातला केंद्रातला संगणक इंटरनेटवरून त्या सगळ्यांचे आकडे ओढून घ्यायचा आणि आठच्या आत शेतकऱ्यांच्या मोबाईलवर सल्ला जायचा: आज फवारा, किंवा आज फवारू नका. हे आकडे ओढणारा प्रोग्राम गुरुपादकाकांनी लिहिलेला. हुद्दा कारकुनाचा, शिक्षण बीए, तेही दुसऱ्या झटक्यात. पन्नाशी जवळ आली की माणसं गुडघ्याला लावायचं तेल शोधतात, काकांनी प्रोग्रामिंगचं पुस्तक आणलं. त्यातच त्यांना एक आयती लायब्ररी सापडली, म्हणजे कुणा भल्या माणसांनी लिहून ठेवलेलं आणि कुणीही वापरावं असं काम. एकाच वेळी अनेक ठिकाणांहून माहिती आणायची असेल तर ती सगळ्यांवर नजर ठेवते. ते जमलं त्या दिवशी काकांनी ऑफिसात पेढे वाटले. पोरीच्या लग्नातसुद्धा माणूस इतका खूश दिसला नव्हता.

एका वेळी आठ गावं, ती उरकली की पुढची आठ. काका त्याला पंगत म्हणायचे, आणि उगीच म्हणत नव्हते. त्यांचे वडील गावच्या मठात प्रसादाच्या पंगती बसवायचे. शेवटच्याचं जेवण झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही, आणि पंगत उठल्याशिवाय दुसरी बसायची नाही, हे काका बाराखडीच्या आधी शिकले होते. तेच प्रोग्राममध्ये उतरलं. लिहिताना त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

आठ वर्षं कुणाचं काही अडलं नाही. यंदा मात्र पेडगावचं नेटवर्क बसलं. यंत्र ठणठणीत, पण आकडे यायचे ते अर्धवट बंद नळाच्या पाण्यासारखे. पेडगाव नेमकं तिसऱ्या पंगतीत. सोबतची सात गावं जेवून हात वाळवत बसलेली आणि बाहेर चार पंगती उपाशी. मंगळवारी ‘फवारू नका’ हा सल्ला साडेनऊला गेला. पाऊस सव्वानऊलाच येऊन लोकांचं औषध धुऊन गेला होता. दिवसभर केंद्राच्या फोनवर ज्या शिव्या आल्या, त्यातल्या काही किशनरावांनाही नव्या होत्या.

“वरून पत्र आलंय,” किशनराव आज म्हणाले. “सोमवारी आठच्या आत सल्ला गेला तर ठीक. न्हाई गेला तर हे काम पुण्याच्या कंपनीला. त्यांचा प्रोग्राम तयार हाय.”

“आन माझा?”

“तुमचा काय, काढून टाकतील,” किशनराव म्हणाले, आणि मग आपणच ओशाळले. काकांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. तीस वर्षांत त्यांनी फायलींवर जावक क्रमांक टाकणं सोडून स्वतःचं म्हणावं असं हे एकच काम केलं होतं.

अपेक्षा केंद्रात नवीन लागलेली इंजिनियर, रोज पाथरीहून एसटीनं यायची. तिनं प्रोग्राम वाचला आणि कपाळाला हात लावला. “काका, कामून थांबवायलात सगळ्यांना? ज्याचं झालं त्याचं नाव लायब्ररी लगेच सांगती. त्याला उठवा, त्या जागी पुढचं गाव बसवा.”

“पंगतीतून मधीच उठायचं?”

“मग दोन मिनटात ज्याचं होत न्हाई त्याला तोडून टाका. पेडगावचा निकालच लागंल.”

काकांनी चष्मा काढला. “जेवत्या माणसाला ताटावरून उठवायचं? माझ्या हातून व्हायचं न्हाई पोरी. पुण्याच्या कंपनीला करू द्या ते.”

किशनराव तणतणले, “अहो, वेड पांघरून पेडगावला निघालात तुमी!” पण काका हलले नाहीत. घरंदाज हट्ट होता तो, त्याला औषध नसतं.

रविवारी दुपारी काका जेवून बसून होते. समोर त्यांच्या पत्नी शिवम्मा जेवत होत्या. मागच्या वर्षी त्यांचं तोंड एका बाजूनं वाकडं झालं. बरंचसं सुधारलं, पण घास चावायला वेळ लागायचा. भाकरी दुधात कुस्करून खायच्या, तरी पाऊण तास. तेव्हापासून रोज पाऊण तास काका ताटावर बसायचे. हात वाळायचा, बोटांवर वरण चिकटायचं.

“अवो, उठा की. पेपर वाचा जावा.”

“होऊ दे तुझं.”

मग काकांनी तिला सगळं सांगितलं. पेडगाव, पुणे, सोमवार. शिवम्मांनी घास निवांत गिळला.

“म्हंजे मी पेडगाव म्हना की.”

“तसं न्हाई गं.”

“तसंच हाय. आता ऐका. तुमी बसता ते मला लय गोड वाटतं, खोटं कशाला बोलू. पन दारात चार उपाशी मानसं उभी असली, तर मीच म्हनंन, ज्यांचं झालंय ते उठा, त्यांना बसू द्या. मला फकत उठवू नका. माझं मी जेवते. आन तुमाला बसायचंच हाय तर बसा, बाकीच्यांना कशाला बसवून ठेवता?”

मग तिचं जेवण झाल्यावर, आधी नाही, हात धुऊन काकांनी अपेक्षाला फोन लावला.

सोमवारी सात वाजता पडद्यावर गावं भराभर बसू लागली आणि उठू लागली. एक जागा रिकामी झाली की दुसरं गाव हजर. पेडगाव आपल्या कोपऱ्यात थेंब थेंब जेवत होतं, पण त्यापायी कुणी खोळंबलं नाही. सात वाजून सोळा मिनिटांनी पंचावन्न गावं उरकली. साडेसातला सल्ला गेला. पेडगावच्या लोकांना शेजारच्या गावाच्या आकड्यांवरून गेला, त्यांचं काही बिघडलं नाही. किशनरावांनी पुण्याला नाही म्हणून कळवलं आणि ते इतक्या रुबाबात कळवलं की प्रोग्राम त्यांनीच लिहिलाय असं वाटावं.

“चला काका, चहाला,” ते म्हणाले.

“तुमी व्हा पुढं.” काका पडद्यासमोरच बसले होते. पेडगाव आठ वाजून दहा मिनिटांनी जेवून उठलं, तेव्हा काका उठले.

चार महिन्यांनी काकांना निरोप दिला तेव्हा किशनरावांनी हौसेनं ऑफिसच्या व्हरांड्यात जेवण ठेवलं. उभ्यानं खायचं नाही, पंगतच, असं काकांनी बजावलं होतं. चाळीस माणसं बसली. काकांच्या शेजारी शिवम्मा. गव्हाची खीर होती, वांग्याची भाजी होती, वाढपी घाईत होते. वीस मिनिटांत सगळ्यांची ताटं रिकामी झाली. शिवम्मांची दुसरी पोळी अजून दुधात भिजत होती.

किशनराव जमिनीला हात टेकून उठायला लागले. त्यांना दुपारची मीटिंग होती. पलीकडून अपेक्षानं त्यांच्याकडं पाहिलं.

“सर,” ती हळू म्हणाली, “पेडगाव जेवायलंय.”

किशनरावांनी रांगेकडं पाहिलं आणि परत मांडी घातली. त्यांचं पाहून दोघं-तिघं उठणारे बसले. चाळीस माणसं हात वाळवत गप्पा मारत राहिली, कुणी घड्याळाकडं बघितलं नाही. काका ताटातल्या मिठाकडं बघत बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

शिवम्मांनी मान वर करून सगळी पंगत एकदा नजरेखालून घातली. मग वाढप्याला बोलावलं आणि अजून थोडी खीर मागितली.