दवाखान्यावरची खोली

वसतिगृहात फक्त पहिल्या वर्षाच्या मुलींना ठेवत, त्यामुळे दुसरं वर्ष लागताच ती मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपू लागली आणि कॉलेज सुटलं की इमारतींच्या नकाशांची नळी पाठीला अडकवून शहरभर खोली शोधत हिंडू लागली. खोल्या भरपूर होत्या. तिच्यापाशी आल्या की मात्र काहीतरी आडवं यायचं. एका बाईंनी आडनाव ऐकताच दार निम्मं लोटलं. वडील बस चालवतात म्हटल्यावर एकाला खोली कालच गेल्याचं आठवलं. एका गृहस्थांनी खोली दाखवता दाखवता हलकेच आतून कडी लावली. ती हसून, कडी काढून जिना उतरली.

दरवेळी ती म्हणायची, "हरकत नाही." राग पोटातून उसळून पार दातांपर्यंत यायचा, तिथं ती ओठ घट्ट मिटायची आणि सगळा गिळून टाकायची. परक्या गावात तोंड सांभाळ, असं आईनं बजावून पाठवलं होतं.

दातांच्या डॉक्टरांनी मात्र फोनवर चक्क हो म्हटलं होतं. दवाखान्यावरची खोली, मोठी खिडकी, नकाशे काढायला लांबलचक टेबल. ती सामान घेऊनच गेली. डॉक्टरांनी तिला पेशंटांच्या रांगेत संध्याकाळपर्यंत बसवलं आणि मग तोंडावरचा मास्क खाली ओढून सगळ्यांदेखत सांगितलं, "खोली एका मुलाला दिली. मुली ठेवल्या की डोक्याला ताप. आता इथं रडू नकोस, पेशंट बसलेत."

कोणीतरी खुदकन हसलं.

"हरकत नाही, डॉक्टर," ती म्हणाली आणि बॅगा उचलून निघाली. जबडा इतका आवळला गेला होता, की मैत्रिणीकडे पोचल्यावर तिला घास चावता येईना.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात असताना डॉक्टरांचा फोन आला.

"खोली तुमचीच," ते म्हणाले. आवाज पार बसला होता. "सकाळी येऊन तुम्ही जे बोललात, ते सगळं बरोबर होतं. माझंच चुकलं."

"मी आले नव्हते. सकाळपासून वर्गात आहे मी."

"बरं. तसं म्हणा. फक्त पुन्हा तशा येऊ नका."

त्या आठवड्यात इतरांचेही फोन आले. आडनाव विचारणाऱ्या बाईंनी रडत रडत माफी मागितली. कडी लावणाऱ्या गृहस्थांच्या बायकोनं फोन केला, म्हणाली, "खोली तशीच घ्या, भाडंही नको. यांना अजून बोलता येत नाहीये." घाबरायला हवं, हे तिला कळत होतं. पण फोन ठेवताना तिच्या छातीत ऊब पसरली आणि तिनं दवाखान्यावरच्या खोलीत जाऊन, खिडकी सताड उघडून, टेबलावर नकाशा पसरला. जिन्यात भेटले की डॉक्टर भिंतीला चिकटून तिला वाट द्यायचे. तिला ते आवडायला लागलं.

मग एका संध्याकाळी बाबांचा फोन आला. धाकट्या भावालाही शिकायला बाहेर पाठवायचं होतं. "दोघांचं नाही झेपत," बाबा म्हणाले. "तुझं झालं तेवढं पुरे. वर्ष संपलं की परत ये."

वर्गात पहिली आली होती ती. नकाशा समोर अर्धा पडला होता. राग दातांपर्यंत आला, तिनं ओठ मिटले, आणि गिळायला जावं तर तोंडात काहीच नव्हतं.

"बरं, बाबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. ती अगदी हळू बोलत होती, तोंडावर पदर धरल्यासारखी.

"तू खोलीवरच आहेस ना गं?"

"हो. का?"

"शीक बाई तू, हवं तेवढं शीक. बाबांचं काही म्हणणं नाही आता." आईचा श्वास अडखळला. "तिला बोलावून घे फक्त. ते म्हातारे झालेत गं."

आईच्या मागून, आतल्या खोलीतून, तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. चढलेला नव्हता, संथपणे, शब्द न् शब्द निवडून बोलत होता. मधेच बाबांचं बारीक "हो, हो" ऐकू यायचं.

"ऐकतेयस ना?" आई म्हणाली.

तिनं उठून खिडकी लावली, रस्त्याचा गलका बंद झाला, आणि फोन कानाशी आणखी घट्ट धरून ती पुढचं ऐकत राहिली.